ग्लॉस्टर ई.28/39 चं 1/48 किट: शेपटीवरचे छोटे पंख लावायचे की नाही?

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी म्हसवडला शाळेत विज्ञान शिकवतो. मॉडेलिंगचा नाद कॉलेजपासून आहे, पण आजवर केलेली सगळी विमानं सोप्या किटमधली, भाग एकमेकांत अलगद बसणारी. या वेळी ताईनं इंग्लंडहून येताना ग्लॉस्टर ई.28/39 चं 1/48 किट (मूळ विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या मापाचं) आणलंय. फ्रँक व्हिटलचं इंजिन बसवलेलं, ब्रिटनचं पहिलं जेट. आठवीच्या मुलांना न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना फुगा सोडून दाखवतोच, त्याच्या शेजारी हे विमान ठेवायचंय. खाली पाटी लावणार आहे: "15 मे 1941, क्रॅनवेल. जगातल्या पहिल्या जेट विमानाचं पहिलं उड्डाण."

किट शॉर्ट रन, म्हणजे थोड्याच संख्येनं काढलेलं आहे. धडाच्या दोन भागांना जुळवायच्या खुंट्या नाहीत, पंखांच्या मागच्या कडा जाड आहेत, नाकातली हवेची वाट आणि कॉकपिट रेझिनचं, आसनाचे पट्टे पितळी पत्र्याचे. डेकलच्या (विमानावर चिकटवायच्या खुणांच्या) कागदावर एकाहून जास्त पर्याय आहेत आणि सूचनांचा कागद तिथंच गोंधळ घालतो.

ताईनं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मूळ विमानाचे भरपूर फोटो काढलेत, तेच समोर ठेवून काम करायचं ठरवलंय. त्या फोटोंत आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांजवळ छोटे उभे पंख दिसतात. किटमध्ये ते वेगळे भाग म्हणून दिलेत, पण नेटवरच्या काही जुन्या फोटोंत ते अजिबात नाहीत. लावू की नको?

दुसरं, पोटाचा पिवळा रंग. प्लास्टिक गडद करड्या रंगाचं आहे. एअरब्रश आहे, कॉम्प्रेसर साधा आहे. पिवळ्याचे किती हात मारावे लागतील?

तिसरं, हे तीन चाकांवर उभं राहणारं विमान आहे, म्हणजे नाकात वजन हवं, नाहीतर शेपटीवर बसेल. पण नाक तर पोकळ! समोरून पाहिलं की आरपार भोक. वजन ठेवू कुठं?

---

सांगलीकर_मेकॅनिकल

सर, बाकीचं जाणकार सांगतीलच, मी फक्त पाटीबद्दल बोलतो. मुलं वाचणार आहेत म्हणून. "जगातल्या पहिल्या जेट विमानाचं" हे काढा. जगातलं पहिलं टर्बोजेट विमान जर्मनीचं, हाइंकेल हे 178. हान्स फॉन ओहाइनचं इंजिन, वैमानिक एरिश वारझित्स, उड्डाण 27 ऑगस्ट 1939 ला, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या पाच दिवस आधी. त्यानंतर 1940 च्या ऑगस्टमध्ये इटलीचं काप्रोनी कांपिनी उडालं, पण त्यातला कॉम्प्रेसर साध्या पिस्टन इंजिनानं फिरायचा, टर्बाइन नव्हतंच. त्यामुळे "ब्रिटनचं पहिलं जेट" एवढंच लिहा, तेवढं पुरेसं मोठं आहे.

व्हिटलचा मोठेपणा त्यानं कमी होत नाही. त्यानं पेटंटचा अर्ज केला तो जानेवारी 1930 मध्ये, वय 22. पाच वर्षांनी नूतनीकरणाचे 5 पौंड भरायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे पैसे नव्हते, हवाई मंत्रालय भरायला तयार नव्हतं, आणि पेटंट रद्द झालं. तरी एप्रिल 1937 मध्ये रग्बी गावात त्याचं इंजिन जमिनीवर सुरू झालं. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

---

रंगशाळा_दापोडी

मास्तर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पाटीत आहे. तारीख. तुम्ही 15 मे 1941 लिहिणार असाल तर समोर ठेवलेले म्युझियमचे फोटो बाजूला ठेवा, कारण ते विमान त्या दिवसाचं नाहीच.

जरा सविस्तर सांगतो. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बसगाड्या रंगवण्यात नोकरी काढली. तिथं एक गोष्ट अंगात मुरली: गाडी एकच असते, पण दर खेपेला वर्कशॉपमधून बाहेर पडते तेव्हा तिच्यात काहीतरी बदललेलं असतं. प्रायोगिक विमानाचं तर हे दसपट. ते बनवतातच मुळी बदलण्यासाठी. कारखान्यातून शेकड्यांनी निघालेल्या स्पिटफायरचं मॉडेल करताना आपण प्रकार ठरवतो, मार्क पाच की मार्क नऊ. प्रयोगाच्या विमानाला मार्क नसतो, त्याला तारीख असते. तारीख आधी ठरली नाही तर मॉडेलची शेपटी 1944 ची, खुणा 1941 च्या आणि पंख भलत्याच महिन्याचे असं होऊन बसतं.

आता या विमानाचं काय झालं ते बघा. जॉर्ज कार्टरनं आराखडा केला. दोन नमुने बनवायचा करार फेब्रुवारी 1940 चा. बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं काम मुख्य कारखान्यातून हलवून चेल्टनहॅमच्या एका मोटार गॅरेजमध्ये नेलं. पहिला नमुना डब्ल्यू4041. एप्रिल 1941 मध्ये ब्रॉकवर्थच्या गवताच्या मैदानावर ते जमिनीवर पळवून पाहिलं. तेव्हा आत बसवलेलं इंजिन उडण्याच्या लायकीचं नव्हतं, फक्त चाचणीचं होतं. तरी चाचणी वैमानिक गेरी सेयरनं त्याला दोन-चार वेळा जमिनीपासून काही फूट उचललं. मग खरं डब्ल्यू.1 इंजिन बसवलं आणि विमान क्रॅनवेलला नेलं, कारण तिथली धावपट्टी लांब आणि आजूबाजूचा मुलूख सपाट. 15 मे ला दिवसभर हवा खराब होती. संध्याकाळी ढग उघडले, पावणेआठच्या सुमाराला सेयर उडाला आणि 17 मिनिटांनी उतरला.

त्या संध्याकाळी शेपटीवर तुमचे ते छोटे पंख नव्हते. ते नंतरच्या चाचण्यांसाठी बसवले. इंजिनं बदलत गेली, जोर वाढत गेला, वेग वाढला, तशी त्यांची गरज पडली. सुरुवातीला डब्ल्यू.1 चा जोर सुमारे 860 पौंड होता. त्या पहिल्या मालिकेत विमान 25,000 फुटांवर ताशी 370 मैलांपर्यंत गेलं. शेवटच्या काळात 450 च्या पुढं गेलं. 1946 मध्ये विमान म्युझियमला दिलं ते आयुष्याच्या शेवटच्या अवस्थेत, आणि त्याच अवस्थेत तिथं आहे. म्हणून तुमच्या ताईच्या फोटोंत ते पंख दिसतात. फोटो खोटा नाही, तारीख वेगळी आहे.

तर: छोटे पंख लावू नका. शेपटीवर त्यांच्या जागेसाठी खाचा किंवा खुणा कोरलेल्या असतील तर त्या लांबीनं (पुट्टीनं) भरून घासून टाका.

मुख्य पंखांचंही लक्षात ठेवा. या विमानासाठी दोन वेगवेगळ्या छेदांचे पंख बनवले होते आणि चाचण्यांच्या ओघात बदलले. 1/48 मध्ये डोळ्याला तो फरक कळणं अवघड आहे, तिथं जीव काढू नका. मागची कडा मात्र पातळ करा, ती जाड राहिली तर विमान खेळण्यातलं दिसतं. पंखाच्या आतल्या बाजूनं घासायचं, वरून नाही, म्हणजे वरच्या रेषा वाचतात. काचेवर 220 चा वॉटर पेपर चिकटवा, पाण्याचे थेंब टाका आणि पंखाचा अर्धा भाग त्यावर गोल गोल फिरवा. मधूनमधून कडेकडून उजेडाकडे धरून बघा. प्लास्टिक पातळ झालं की कडेला उजेड झिरपायला लागतो, तिथं थांबा.

डेकलमध्येही तारीखच बघा. ब्रिटिश हवाई दलानं 1942 च्या मध्यावर आपली गोल चिन्हं बदलली. त्याआधी धडावरच्या चिन्हात लाल, पांढरा, निळा आणि बाहेरचा पिवळा हे पट्टे सारख्या रुंदीचे होते. नंतर पांढरा आणि पिवळा अगदी बारीक झाले. उभ्या शेपटीवरच्या पट्ट्यांचंही तेच, आधी तिन्ही सारखे, नंतर मधला पांढरा बारीक. तुमच्या कागदावर दोन्ही असतील तर सारख्या रुंदीचे घ्या. पिवळ्या वर्तुळातला 'पी' म्हणजे प्रोटोटाइप, तो हवाच. क्रमांकामागं '/जी' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ विमान जमिनीवर असेल तेव्हा त्याच्यावर सतत पहारा ठेवायचा. ते घालायचं की नाही हे 1941 चा फोटो समोर ठेवून ठरवा, 1944 चा नाही.

आता रंग. इथं माझा हात जास्त चालतो.

पिवळा आणि लाल, दोन्ही झाकायला दुबळे रंग. गडद प्लास्टिकवर थेट पिवळा मारला तर तो हिरवट मळका दिसतो, आणि झाकला जावा म्हणून तुम्ही थरावर थर चढवत जाता, मग पॅनेलच्या रेषा बुजतात. खालचा पाया पांढरा पाहिजे. क्रम असा ठेवा: आधी करडा प्रायमर सगळीकडे, कारण करड्यावर ओरखडे आणि सांध्यांच्या भेगा चटकन दिसतात. जिथं भेग दिसेल तिथं लांबी, घासणं, पुन्हा प्रायमर. मग फक्त पोटाला आणि पंखांच्या खालच्या बाजूला पांढरा. तो एक रात्र सुकू द्या. त्यावर पिवळा, पातळ करून, दोन-तीन हलके हात, प्रत्येक हातात पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. पहिल्या हातानंतर तो ठिपक्याठिपक्यांचा, विरळ दिसेल. दिसू दे. तिथं धीर सोडून ओला हात मारलात की कोपऱ्यात रंग साचलाच.

पिवळा आधी, वरच्या बाजूचे छलावरणाचे (कॅमोफ्लाजचे) तपकिरी-हिरवे रंग नंतर. फिकटावर गडद चढतो, गडदावर फिकट चढवणं म्हणजे दुप्पट मेहनत. पिवळा पूर्ण सुकला की मास्किंग टेप लावा, टेपच्या कडेवरून पुन्हा एक पातळ पिवळा हात द्या. म्हणजे टेपखाली काही झिरपायचं असेल तर पिवळाच झिरपेल आणि वरचा तपकिरी रेषेबाहेर जाणार नाही. मग डार्क अर्थ, त्यावर डार्क ग्रीन.

पाऊस सुरू व्हायच्या आत लॅकरचं काम उरका. म्हसवडला हवा कोरडी, तुम्हाला तितका त्रास नाही. पण इथं पुण्यात जुलैत लॅकर मारला की हवेतला दमटपणा रंगात अडकतो आणि पृष्ठभागावर पांढरट धूर आल्यासारखं होतं. अ‍ॅक्रिलिकला ती भीती नाही, फक्त सुकायला वेळ लागतो.

वजनाचं उद्या लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

लेस्टरवासी

काकांनी म्युझियमबद्दल लिहिलंय ते अगदी खरं आहे. मी लेस्टरला राहते. इथून अर्ध्या तासावर लटरवर्थ आहे, व्हिटलच्या पॉवर जेट्स कंपनीचं काम 1938 पासून तिथल्या लेडीवुड वर्क्समध्ये चालायचं. गावाजवळच्या गोल चौकात या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती खांबावर उभी केली आहे. अशीच एक फार्नबरोला आहे. आणि ग्लॉस्टरजवळ स्टॅव्हर्टनला जेट एज म्युझियम आहे, तिथंही पूर्ण आकाराचं मॉडेल आहे.

मास्तर, प्रतिकृतींचे फोटो नेटवर खऱ्या विमानाच्या फोटोंत मिसळलेले असतात. आभाळाकडे नाक करून खांबावर दिसलं तर समजा की ती प्रतिकृती. रंगांसाठी किंवा चाकांच्या खोबणीसाठी तिच्यावर विसंबू नका.

प्रत्यक्ष विमान पाहिलं तेव्हा मला सगळ्यात जास्त जाणवलं ते त्याचं लहानपण. पंखांची लांबी 29 फूट, धड 25 फुटांच्या थोडं वर. आणि ते जमिनीला अगदी लगटून उभं असतं. प्रोपेलर नाही, त्यामुळे पाती जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच उचलायची गरजच राहिली नाही. पाय आखूड. मॉडेल करताना पाय चुकून जरी लांब झाले तरी त्याचा सगळा चेहरामोहरा जातो, हे बघा.

---

सांगलीकर_मेकॅनिकल

नाकाच्या भोकाबद्दल थोडं सांगतो, वजनाचा प्रश्न त्यातूनच सुटेल.

बाहेरून विमान एका सरळ नळीसारखं वाटतं, पण आत वाट सरळ नाही. नाकातून हवा आत येते, लगेच दोन वाटांना फुटते, कॉकपिटच्या डावीउजवीकडून मागं जाते. वैमानिकाच्या मागं 81 गॅलनची इंधनाची टाकी, तिच्या मागं इंजिन. कॉम्प्रेसर केंद्रोत्सारी, म्हणजे हवा मधून बाहेरच्या कडेला फेकणारा, आणि दोन्ही बाजूंनी हवा ओढणारा. त्याच्याभोवती 10 ज्वलनकक्ष, आणि त्यांत वायू उलट दिशेनं वळून टर्बाइनकडे येतो, म्हणजे इंजिनाची लांबी कमी राहते. मग लांबलचक नळीतून तो शेपटीतून बाहेर.

ती लांब नळी म्हणजे तोटाच, भिंतींना घासून जोर थोडा वाया जातो. म्हणून पुढं डी हॅविलंडनं व्हॅम्पायर करताना शेपटी दोन दांड्यांवर नेली आणि मधली नळी आखूड ठेवली. मुलांना सांगायला एक धागा: आपल्या हवाई दलाकडे 1948 मध्ये आलेलं पहिलं जेट म्हणजे हेच व्हॅम्पायर. त्याचं गॉब्लिन इंजिनही केंद्रोत्सारी घराण्यातलं. पुढं बेंगळुरूला एचएएलनं व्हॅम्पायर बांधलीसुद्धा.

तर सर, समोरून पाहताना आरपार काही दिसता कामा नये. दोन वाटा, मधे उभी भिंत आणि पुढं अंधार. त्या दोन वाटांच्या मधली जागा वजनासाठी तुमची.

---

माणदेशी_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटी बदलली: "ब्रिटनचं पहिलं जेट विमान. पहिलं उड्डाण 15 मे 1941, क्रॅनवेल." काका, छोटे पंख डबीत टाकून ठेवले. डेकलच्या कागदावर दोन्ही प्रकारची गोल चिन्हं आहेत, तुम्ही सांगेपर्यंत मला त्यातला फरक कळला नव्हता.

मधल्या जागेत नाकाच्या चाकाची खोबण येते. तिच्या आणि कॉकपिटच्या तळाच्या मधे जेमतेम करंगळीच्या पेराएवढी पोकळी उरते. तेवढ्यात भागेल का? आणि शिसं कशानं चिकटवू? घरी लाकूडकामाचा पांढरा गोंद आहे.

---

रंगशाळा_दापोडी

मास्तर, शिशाला पांढरा गोंद अजिबात लावू नका. हे ठळक अक्षरात लिहून घ्या. पांढऱ्या गोंदातून निघणाऱ्या आम्लानं शिसं हळूहळू खराब होतं, त्यावर पांढरी भुकटी धरते आणि ते फुगतं. वर्ष-दोन वर्षांनी बंद धडाचा सांधा आतून उकलतो. कपाटात ठेवलेलं चांगलं मॉडेल पोटात फुटलेलं मी मित्राच्या घरी पाहिलंय. शिशासाठी दोन नळ्यांचं इपॉक्सी, ते सगळ्यात निर्धोक. शिसं चहूबाजूंनी त्यात बुडालं पाहिजे, हवा लागायला नको. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, आणि शाळेत मुलांसमोर हे काम करू नका.

शिसं मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, गळाला लावायचे छोटे गोळे. तुमच्याकडे ते दुकान नसेल तर टायरवाल्याकडे चाकाच्या बॅलन्सिंगचे जुने तुकडे मागा. फक्त शिशाचे आहेत का बघा, हल्ली बरेच लोखंडाचे असतात. हातोडीनं पातळ पट्टी ठोका, कात्रीनं कापा. गोळ्यांच्या मधे मोकळी जागा राहते, पट्टी थरावर थर बसते, तेवढ्याच पोकळीत जास्त वजन मावतं.

जागा कमी आहे म्हणताय, तर तीन ठिकाणी वाटून घाला. चाकाची खोबण आणि कॉकपिट यांच्यामधे, आसनाच्या तळाखाली, आणि आसनाच्या पाठीमागं लगेच. पाठीमागचं वजन मुख्य चाकांच्या रेषेच्या पुढं आहे ना, एवढंच बघा. रेषेच्या मागं गेलेला प्रत्येक ग्रॅम उलट काम करतो. नाकाच्या जितकं जवळ तितकं कमी शिसं लागतं.

धड चिकटवायच्या आधी तोलून बघा. धडाचे दोन भाग टेपनं जोडा, पंख आणि शेपटी टेपनं लावा, नळी, आसन सगळं आत टाका. टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि मुख्य चाकांची जागा पेन्सिलवर येईल असं विमान टेकवा. नाक खाली झुकलं पाहिजे, आणि नुसतं झुकून चालणार नाही, बोटानं शेपटी दाबून सोडली की ठाम परत खाली आलं पाहिजे. रंग, लांबी, डेकल हे सगळं पुढं वाढणार आहे आणि त्यातलं बरंचसं शेपटीकडं जातं. थोडं जास्त वजन घालून ठेवा.

पण फार जास्तही नको, कारण ते सगळं नाकाच्या एका बारीक पायावर येणार. किटमधला पाय प्लास्टिकचा असेल तर तो उभा चिरून मधे पितळी तार घाला, किंवा पायाची नक्कल करून पितळी नळीचाच पाय करा. तसं केलं तर लेस्टरच्या ताईंनी सांगितलेली उंची मूळ पायाशी मोजूनच कापा. अर्ध्या मिलिमीटरनं नाक वर गेलं तरी बाजूनं बघताना कळतं.

हवेच्या वाटेचं काम धड बंद करायच्या आधी पूर्ण करा. नंतर हात पोचत नाही. नाकाच्या कडेचा आतला सांधा मात्र बंद केल्यावरच घासता येतो. त्यासाठी पेन्सिलीला 600 चा वॉटर पेपर गुंडाळा आणि ओला करून फिरवा. ते भोक बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतं, तिथली चीर लपत नाही. आत पुढचा थोडा भाग फिकट धातूचा, मग हळूहळू काळा करत न्या, डोळ्याला खोली आपोआप दिसते.

रेझिनचे भाग कापताना, घासताना तोंडाला मास्क लावा आणि पाण्यातच घासा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला धरत नाही, तिथं फेविक्विक किंवा इपॉक्सी. पण कॉकपिटच्या काचेला फेविक्विक नको, वाफेनं काच पांढुरकी होते. तुमचा पांढरा गोंद तिथं वापरा, त्याची खरी जागा ती.

---

लेस्टरवासी

एक विचारते, डबीतले ते छोटे पंख वाया कशाला घालवायचे? पुढं कधी दुसरं किट मिळालं तर 1944 चं विमान करून दोन्ही शेजारी ठेवता येतील. मुलांना तीन वर्षांत काय काय बदललं ते दिसेल.

आणि मास्तर, मुलांना वैमानिकांबद्दलही सांगा. सेयर ऑक्टोबर 1942 मध्ये टायफून हे लढाऊ विमान उडवताना गेला, आपण सुरू केलेलं काम कुठवर पोचलं हे त्याला बघायला मिळालं नाही. दुसरा नमुना डब्ल्यू4046 मार्च 1943 मध्ये उडाला आणि त्याच वर्षी 30 जुलैला कोसळला. पंखावरचे एलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या हलत्या पट्ट्या) उंचावर अडकले आणि विमान आवरेना. वैमानिक डग्लस डेव्हीनं 33,000 फुटांवरून उडी मारली आणि तो वाचला. पुढच्या जानेवारीत मीटियर या जेट विमानाच्या चाचणीत तोही गेला. म्हणून आज म्युझियममध्ये दिसतं ते एकच, पहिलं विमान.

---

माणदेशी_मास्तर

हे मला माहीत नव्हतं ताई. सेयर आणि डेव्हीचं पाटीखाली दोन ओळींत लिहितो.

दुसऱ्या किटची कल्पना आवडली, पण आधी हे उभं राहू दे. काल रात्री शिशाच्या पट्ट्या ठोकल्या आणि पेन्सिलवर तोलून पाहिलं. आसनाखाली आणि पुढं मिळून नाक खाली येतंय, मागच्या जागेची गरज पडली नाही. एक शेवटचं: चाकं खाली ठेवू की उड्डाणात दाखवून काठीवर बसवू? वर्गात काठीवर जास्त उठून दिसेल.

---

रंगशाळा_दापोडी

चाकं खाली. पाय आखूड का आहेत हे मुलांना काठीवरच्या विमानात दिसणार नाही, आणि तुम्हाला तर जेटबद्दलच सांगायचंय. टेबलावर शेजारी त्याच मापाचं एखादं प्रोपेलरचं विमान ठेवा, हरिकेन चालेल, 1/48 मध्ये सहज मिळतं. दोन्ही जमिनीवर उभी दिसली की कुणीतरी पोरगं आपणहून विचारेल हे एवढं बुटकं का.

इपॉक्सी पूर्ण आवळायला चोवीस तास द्या, मग धड बंद करा. खुंट्या नाहीत म्हणालात, तर आतून प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या एका भागाला आडव्या चिकटवा, दुसरा भाग त्यावर सरकून नीट बसेल. पिवळा झाला की टेप लावायच्या आधी फोटो टाका, उन्हातला, घरातल्या दिव्याखालचा नको.